घड्याळाचा पट्टा आत घेतला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप भावोजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तो बसल्या बसल्याच करतो आहे, राग मानू नका. कमरेत उसण भरली आहे आणि ती का भरली हे पुढे ओघाने येईलच. वाकून करायला गेलो असतो तर उरलेलं पत्र फरशीवर बसून पुरं करावं लागलं असतं. तुमचा गुडघा कसा आहे? ताई सांगत होती, की जिना चढताना तुम्ही कठडा धरता आणि कोणी बघतंय असं दिसलं की कठडा हलतोय का ते तपासत असल्यासारखं करता. (या युक्तीबद्दल मला आदरच आहे. पुढे सगळा युक्त्यांचाच विषय निघणार आहे, म्हणून आधी सांगून ठेवतो.) ताईला माझा नमस्कार सांगा, पण पत्र तिच्या हाती लगेच देऊ नका. आधी तुम्ही शेवटपर्यंत वाचा.

पत्राचं मुख्य कारण आभार. तुम्ही धाडलेली अवजारांची पेटी पोचली. फोनवर मी नुसतं 'घड्याळाचा पट्टा आखूड करायचं काहीतरी मिळतं ना, दिसलं तर बघा' असं पुटपुटलो होतो. कशाला, कोणासाठी, असा एकही प्रश्न न विचारता तुम्ही अख्खी पेटीच पाठवलीत. इवलीशी हातोडी, पट्ट्याच्या पिना बाहेर ढकलायच्या बारीक काड्या, पट्टा उभा धरायला खाचांचा ठोकळा, चिमटा, डोळ्याला लावायचं भिंग, आणि हे सगळं मखमलीत बसवलेलं! आमची बायको म्हणाली, की आपल्या दागिन्यांच्या डब्यालासुद्धा असलं अस्तर नाही. मी शिंपी पडलो, त्यामुळे मीही आधी अस्तरच बघितलं. (चिकटवलेलं आहे, शिवलेलं नाही. पण देणाऱ्याच्या वस्तूत खोड काढू नये, म्हणून गप्प बसतो.)

पेटी कशाला हवी होती ते फोनवर सांगता आलं नाही, कारण बाबा शेजारच्याच खुर्चीत होते. आता सांगतो. दवाखान्यातून निघताना बाबांचं अंग किती उतरलं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे, तुम्हीच तर त्यांना धरून गाडीत बसवलंत. घड्याळ तेव्हा मनगटावर नव्हतं, कोपराशी होतं. लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हा त्यांना दिलेलं तेच, पोलादी पट्ट्याचं. ते काढून ठेवायला बाबा तयार नाहीत, त्याच्या जागी दुसरं बांधायला तयार नाहीत, आणि घड्याळाशिवाय घराबाहेर पाऊल टाकायला तर मुळीच तयार नाहीत. (बोलल्या वेळेला कपडे देणारा शिंपी अशी त्यांची ख्याती, आणि ती ख्याती, त्यांच्या मते, डाव्या मनगटावर राहते.) तरीही जरा ताकद आल्याबरोबर ते दुकानात आले. आणि त्याच दिवशी एका धिप्पाड गिऱ्हाइकाच्या पोटाभोवती टेप फिरवताना घड्याळ हातातून निसटलं ते थेट त्या गृहस्थांच्या पँटमध्ये, कमरेतून आत. मनुष्य चांगला, पण गडगडाटी हसला आणि म्हणाला, "मास्तर, आता तुम्हालाच दोन्ही बाजूंनी आत घ्यायला हवं." बाबाही हसले. घड्याळ पायातून खाली आलं ते त्यांनी उचललं, पुसलं, माप पुरं केलं, वहीत लिहून ठेवलं आणि घरी निघून आले. त्यानंतर ते दुकानात आले नाहीत.

खिडकीशी बसून राहायचे. समोरच्या शाळेची घंटा झाली की घड्याळाकडे बघायचे, घड्याळ तोवर कोपराशी गेलेलं असायचं, ते ओढून खाली आणायचे आणि पुन्हा बाहेर बघायचे. खाणं चिमणीएवढं. डॉक्टर म्हणाले, यांना घरात बसवून ठेवू नका, कामाच्या जागी न्या, हे तिथेच बरे होतील. बाबांचं उत्तर एकच, घड्याळ हाताला बसेल तेव्हा येईन. बरं, पट्टा आखूड करून आणू म्हटलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं: "पट्टा कापायचा म्हणजे मी आता असाच राहणार हे ठरवून टाकायचं. हात लावायचा नाही." भावोजी, दुकानातल्या त्यांच्या उंच खुर्चीखालून मी रोज केर काढतो. खुर्चीत कोणी नसताना तिच्याखालून केर काढायचं काम मला जमेनासं झालं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आजारातून उठलेलं गिऱ्हाईक कोट घेऊन आलं, की त्याला 'तुम्ही बारीक झालात' असं म्हणायचं नाही, हा बाबांचा नियम. 'कापड सैलावलंय' म्हणायचं. मग कोट आत घ्यायचा, पण जास्तीचं कापड कापायचं नाही, शिवणीत दुमडून ठेवायचं. पुढे माणूस भरला की टीप उसवून तेवढंच बाहेर सोडायचं आणि 'कापड आटलं बघा' म्हणून मोकळं व्हायचं. निरपराध कापडावर बाबांनी जन्मभर असे आळ घेतले, आणि माणसं मात्र आरशासमोरून ताठ मानेने बाहेर पडली. माझ्या डोक्यात आलं, की हाच नियम खुद्द बाबांना लावला तर? एकदम नाही, पट्ट्याची एक एक कडी गुपचूप काढायची. घड्याळ थोडं थोडं हाताला धरू लागलं की त्यांना वाटेल, अंग भरतंय. बायकोला बेत सांगितला, तर ती म्हणाली, "त्यांना सगळं कळतं." मी म्हटलं, कापडातलं कळतं, पोलादातलं काय कळणार? त्यावर ती काही बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही तेव्हा मी सहसा चुकलेला असतो, पण ते मला नंतर आठवतं.

तुम्ही म्हणाल, घड्याळजीकडे का नाही गेलास? कोपऱ्यावरचे घड्याळजी (सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात, कारण भिंग डोळ्याला लावूनच ते घरोघर हिंडतात) बाबांचे जिवलग दोस्त. रोज संध्याकाळी येऊन बसतात. आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. आमच्याकडे नवा पंखा येणार हे पंख्याच्या आधी गल्लीला कळलं होतं. तेव्हा काम घरात, आणि तेही बाबा आंघोळीला गेल्यावर, कारण घड्याळ ते तेवढ्यापुरतंच काढतात. आंघोळ आणि मागोमाग तिथेच दाढी असा त्यांचा निवांत कार्यक्रम असतो. हातोडीचा आवाज लपवायला बायकोने घरातली शिलाई मशीन रिकामी चालवायची, असं ठरलं. तिने पाय मारायला सुरुवात केली मात्र, आतून बाबांचा आवाज आला, "कोण रिकामी मशीन हाणतंय? खाली कापड घाला, तिचे दात झिजतील!" बिचारीने घाईघाईने हाताला लागेल ते कापड सुईखाली सरकवलं. तो माझा शर्ट होता. त्याच्या एका बाहीतून आता हात बाहेर येत नाही.

इकडे माझं काम. कड्यांच्या आतल्या अंगाला बारीक बारीक बाण कोरलेले दिसले. मला एकदम घरच्यासारखं वाटलं, कारण आमच्या कागदी नमुन्यांवरही असाच बाण असतो, आणि कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेला ठेवायचा ते तो सांगतो. मी बाणाला मान देऊन पट्टा ठोकळ्यावर अगदी उभ्या धाग्यात लावला, चारही बाजूंनी बघून खात्री केली, खडूने खूणही करायला गेलो (पोलादावर खडू उमटत नाही), आणि पिन खुशाल उलट्या बाजूने ठोकायला लागलो. बाण म्हणजे पिन कोणत्या दिशेने बाहेर काढायची ती दिशा, असं तुमच्या पेटीतल्या चिठ्ठीत स्वच्छ छापलेलं आहे. ती चिठ्ठी मी नंतर वाचली. तोवर तुमची एक काडी वाकली होती, दुसरीने मान टाकली होती, आणि पिन तसूभरही हलली नव्हती. मग पट्टा उलटा केला, देवाचं नाव घेतलं, एकच टोला दिला, आणि पिन अशी काही सटकली, की गेली कुठे हे मला, बायकोला आणि फरशीला, तिघांनाही कळलं नाही.

आमच्याकडे सांडलेल्या टाचण्या गोळा करायला मोठं चुंबक असतं. ते घेऊन मी अख्खी खोली पालथी घातली. टाचण्या निघाल्या, हुक निघाले, शिवताना बोटात घालायचं एक अंगुस्तान निघालं, आणि ताईची शाळेत असताना हरवलेली केसांतली फुलाची पिन निघाली, जिच्यापायी मी न केलेल्या चोरीचा मार खाल्ला होता. (ती सोबत पाठवतो आहे. ताईला दाखवा आणि तिचा चेहरा कसा होतो ते मला कळवा.) पट्ट्याची पिन मात्र चुंबकालाही भुलली नाही. आत नळ बंद झाला. आता काय करणार? मशीनची एक जुनी सुई घेतली, पकडीने तोडली, टोक कानशीने घासलं, कडीत बसवून बघितली आणि ती मापात बसली! घड्याळ, एका कडीने आखूड, जागच्या जागी नेऊन ठेवलं. चुंबक कुठे हरवू नये म्हणून घड्याळाच्या उशाशीच ठेवलं. (चुंबकाच्या शेजारी घड्याळ ठेवू नये, हेही तुमच्या त्या चिठ्ठीत आहे.) मग हरवलेली पिन कोणाच्या पायात जायला नको म्हणून पुन्हा पलंगाखाली शिरलो, आणि तिथेच कमरेत कळ आली ती अशी, की पुढेही जाता येईना आणि मागेही. बाबा दाढी करून बाहेर आले, तेव्हा माझे फक्त तळपाय पलंगाबाहेर होते. काय करतोयस, असं त्यांनी विचारलं. सुई शोधतोय म्हणालो. "सापडली की ऊठ," म्हणाले आणि घड्याळ घालायला गेले.

तो क्षण मी पलंगाखालून काढला, म्हणून बायकोने सांगितलं तेच लिहितो. बाबांनी घड्याळ चढवलं, हात खाली सोडला, वर केला, पुन्हा खाली सोडला. घड्याळ कोपरापर्यंत गेलं नाही, अलीकडेच थांबलं. बाबा "हं" म्हणाले. दुपारी मात्र नवल झालं. चुंबकाच्या शेजाराने घड्याळ पुढे पळायला लागलं होतं आणि बाबा भुकेवर जेवत नाहीत, घड्याळावर जेवतात. त्यांनी रोजच्यापेक्षा बरंच आधी ताट मागितलं, आणि ताटातलं संपल्यावर उकडलेले बटाटे पुन्हा मागून घेतले. "अंग धरतंय वाटतं," असं मनगटाकडे बघत म्हणाले. बायको बटाटे आणायला स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही. मी कंबर धरत आत गेलो, तर ती पातेल्यापाशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती आणि हसतही होती.

मग हात बसला. दुसरी कडी पट्ट्याच्या पलीकडच्या बाजूची काढली, कारण कपडा दोन्ही अंगांनी सारखा आत घ्यावा लागतो, नाहीतर शिवण सरकते. पट्ट्याचंही तेच, त्याचं कुलूप मनगटाच्या बरोबर खाली राहायला हवं. पट्टा जोडताना शेजारची कडी आधी उलटी बसवली, ती परत काढली, पण या वेळी बाणाचं ऐकलं आणि पिनही जपली. त्याच्या पुढची तर इतकी सफाईने निघाली, की मशीनसुद्धा चालवावी लागली नाही. फक्त एका संध्याकाळी भिंगवाल्यांनी गप्पांच्या भरात बाबांचं मनगट हातात घेतलं, डोळा बारीक केला आणि "अरे, हा पट्टा तर" एवढं म्हणाले, तोच बायकोने त्यांच्या तोंडापुढे बिस्किटांची बशी अशी काही आणली, की त्यांना तोंड उघडायचं कारणच बदलावं लागलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या लक्षात आलं नाही. रोज घड्याळ थोडं पुढे, ताट थोडं आधी, आणि ताटातलं थोडं जास्त, असं चाललं आहे. गालांना रंग आला आहे. काल शेजारणीच्या झग्याची शिवण लांबून बघून नावं ठेवली, म्हणजे दृष्टी आणि स्वभाव दोन्ही परत आले.

भावोजी, आता थोडं सरळ लिहितो. बाबा दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही स्वतःचं काम सोडून त्यांच्या उशाशी बसलात. मी दुकान सोडून तिथे राहू शकत नव्हतो आणि तुम्ही एका शब्दानेही ते मला जाणवू दिलं नाही. त्यांचे केस विंचरायचात तुम्ही, मी दारातून बघितलं आहे, आणि भांग चुकीच्या बाजूला पाडायचात, तरी बाबा काही बोलायचे नाहीत. बाबा कोणाच्या चुकीबद्दल बोलत नाहीत, असं मी पहिल्यांदाच बघत होतो. तेव्हा आभार मानायचे राहून गेले. या पेटीच्या निमित्ताने मानतो. वाकलेल्या काड्यांसकट ती पेटी मला सगळ्या अवजारांत प्यारी आहे. तुम्ही आमच्या घरात आलात हे आमचं नशीब, असं मी एरवी तोंडावर म्हणणार नाही, म्हणून लिहून टाकतो.

घड्याळ आता छान बसलं आहे. बाबा मात्र अजून खुर्चीतून उठलेले नाहीत. आज येता का, असं विचारलं की मनगटाकडे बघतात आणि "उद्या बघू" म्हणतात. दुकानाची वेळ झाली, पत्र इथेच आवरतो. थोरांना नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवर थाप, आणि गुडघ्याला जपा, कठडा हलत नाही हे आता सिद्ध झालं आहे.

तुमचा,
कंबर धरून बसलेला मेहुणा

ता. क. काढलेल्या कड्या फेकलेल्या नाहीत. अस्तराच्या तुकड्यात शिवून बटणांच्या डब्यात, अगदी तळाशी ठेवल्या आहेत. बाबांचं मनगट भरलं की त्या परत घालीन आणि काय सांगायचं ते तेव्हा बघीन. पोलाद आटतं का हो?

आणखी ता. क. खरं सांगायचं तर आभारांखेरीज पत्राला दुसरंही कारण आहे. या रविवारी तुम्ही आणि ताई येऊन जा. आल्याबरोबर बाबांच्या हाताकडे बघा आणि सहज आठवल्यासारखं म्हणा, "वा, अंग भरलं की! घड्याळ कसं घट्ट बसलंय!" माझ्या तोंडून त्यांना पटत नाही, तुमचा शब्द ते मानतात. एवढं झालं की सोमवारी ते दुकानात येतील, अशी माझी खात्री आहे. ताईला मात्र आधी तयार करून आणा. त्यांना बघून ती रडली तर केलेलं सगळं मुसळ केरात जाईल. या बेतातलं बाबांना काहीही माहीत नाही, आणि तसंच राहू द्या.

जावईबापू, आशीर्वाद. खालचं अक्षर माझं आहे. चिरंजीव हे पत्र सूनबाईच्या हवाली करून दुकानात गेले, आणि सूनबाईने ते टपालात टाकायला म्हणून माझ्या हातात दिलं, पाकीट न चिकटवता. चुकून की मुद्दाम, हे मी विचारलं नाही.

माझ्या मनगटाचं माप मी रोज सकाळी स्वतः घेतो. टेप उशाखालीच असतो. पहिली कडी गेली त्या दिवशी टेप आदल्या दिवशीच्याच खुणेवर होता आणि घड्याळ मात्र कोपराच्या अलीकडेच अडलं होतं. यात काय झालं असेल हे कळायला भिंग लागत नाही. कापड सैलावलंय हे वाक्य या घरात मीच आणलं. चांगला झापणार होतो. पण परत येऊन बघतो, तर हा अजून पलंगाखाली, नुसते तळपाय बाहेर, आणि सुई शोधतोय म्हणे. ते तळपाय बघून राग राहिला नाही. कड्या काढायचं त्याने केलं, भरायचं काम माझ्याकडे आलं, म्हणून दुपारी बटाटे मागून घेतले. पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नव्हते. आता उतरतात, आणि टेपही खरोखरच थोडा पुढे सरकला आहे. घड्याळ पळतं हेही ठाऊक आहे, समोर शाळेची घंटा आहे. पण भूक लागायला लागली होती, म्हणून बोललो नाही.

रविवारी जरूर या. अंग भरलं वगैरे म्हणू नका, तुम्हाला खोटं नीट जमत नाही, कठड्याचं मलाही माहीत आहे. लेकीला रडायचं असेल तर रडू द्या. येताना पट्ट्याची एक नीट पिन तेवढी आणा. मशीनची सुई पहिल्या दिवसापासून टोचते आहे. त्याला सांगू नका. कड्या त्याने कापडात शिवून ठेवल्या, हे वाचून बरं वाटलं. पोरगा धंदा शिकला.

पाकीट मीच चिकटवतो. टपालपेटी दुकानाच्या वाटेवरच आहे, आणि माझ्या घड्याळात दुकानाची वेळ केव्हाच होऊन गेली आहे.